शेत तेवढंच, आकडा वेगळा

सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात ०.८१.०० असं लिहिलेलं असतं. घरात मात्र त्याच जमिनीला सगळे ‘दोन एकर’ म्हणतात. नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या सातवीच्या वर्गात विचारा, ०.८१ मोठं की २? मुलं क्षणात ‘दोन’ म्हणतील. पुढचा प्रश्न टाका : मग तलाठ्याच्या कागदावर शेत आटलं का? वर्ग गप्प होतो, आणि शिकवायला सुरुवात करण्याची हीच वेळ असते.

बहुतेक वर्गांत एककांचं रूपांतर असं सुरू होत नाही. फळ्यावर किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली अशी शिडी काढली जाते. खाली उतरताना प्रत्येक पायरीला दहाने गुणायचं, वर चढताना भागायचं, थोडक्यात दशांशचिन्ह इकडून तिकडे सरकवायचं. घटक चाचणीत यावर पैकीच्या पैकी गुण मिळतात. पण प्रश्न चौरस मीटरवर गेला, तासावर गेला किंवा लिटरवरून किलोवर गेला, की शिडी कोसळते. २.५ चौरस मीटरचे २५० चौरस सेंटिमीटर होतात आणि दीड तासाची १५० मिनिटंसुद्धा. शिडी वाईट नाही, तिची जागा चुकते. ती शेवटी द्यावी, समजलेलं भरभर करण्यासाठी.

सुरुवातीला मुलाच्या मनात एकच गोष्ट पक्की बसवायची : मोजलेली वस्तू जागची हलत नाही, मोजायचं माप बदलतं. माप मोठं घेतलं की आकडा लहान होतो, माप लहान घेतलं की आकडा मोठा. चौथी-पाचवीत हे हाताने करून घ्यावं. शाळेचा व्हरांडा आधी पावलांनी मोजा, मग वितींनी. वर्गातल्या सर्वांत उंच मुलाची आणि सर्वांत लहान मुलीची वीत घेतली, तर दोन वेगळे आकडे येतील आणि ‘कुणाचं खरं?’ यावर भांडण जुंपेल. ते जुंपू द्यावं. प्रमाणित माप कशाला लागतं, हे त्या भांडणातून कळतं, व्याख्येतून कळत नाही. नंतर पाण्याची बादली एकदा तांब्याने आणि एकदा पेल्याने रिकामी करायला सांगा. पाणी तेवढंच होतं, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

त्यानंतर वर्गासाठी एक नियम ठरवून टाका. गणित मांडण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, उत्तराचा आकडा वाढणार की घटणार. हात वर किंवा हात खाली, एवढंच. ३ किलोमीटरचे मीटर करताना हात वर, ४५० ग्रॅमचे किलो करताना हात खाली. ज्याचा हात चुकतो त्याला पेन्सिल उचलू देऊ नका. गुणायचं की भागायचं, ही मुलांची नेहमीची अडचण यातच सुटते. ती पाठांतराने सुटत नाही, कारण ‘मोठ्याचं लहान करताना गुणायचं’ हे वाक्य कानाला उलटं वाटतं आणि परीक्षेच्या घाईत मुलं ते नेमकं उलटंच लावतात.

आता सातबाऱ्याकडे. मराठवाड्यातल्या शिक्षकाला याहून चांगलं साधन मिळणार नाही, कारण ते गावातल्या बऱ्याच घरांत असतं आणि त्यावर घरात वादही होतात. ०.८१.०० यातला पहिला आकडा हेक्टर, दुसरा आर आणि तिसरा चौरस मीटर. १०० चौरस मीटरचा एक आर आणि १०० आरचा एक हेक्टर. बोलण्यात मात्र एकर आणि गुंठा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट, मेट्रिकमध्ये ४,०४६.८६ चौरस मीटर. ८१ आर म्हणजे ८,१०० चौरस मीटर. त्याला ४,०४६.८६ ने भागलं की २.००१६ एकर येतात. शेत आटलेलं नाही.

इथे दोन खाचखळगे आहेत आणि दोन्ही मुद्दाम दाखवावेत. पहिला स्थानिक किमतीचा. १ हेक्टर ५ आर दशांशात १.०५ हेक्टर होतात, १.५ नव्हे. १.५ हेक्टर म्हणजे १ हेक्टर ५० आर. या दोन आकड्यांत ४५ आरचा, म्हणजे एका एकराहून थोड्या जास्त जमिनीचा फरक आहे. पाचवीत ‘दशांशचिन्हानंतरचं शून्य’ शिकवताना जे मूल जांभया देतं, तेच मूल हे ऐकताना सावरून बसतं. दुसरा खळगा गुंठा आणि आर यांच्या जवळपणाचा. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. म्हणून लोक सरसकट ‘४० आर म्हणजे एकर’ म्हणतात. नेमकं पाहिलं तर ४० आर एका एकरापेक्षा सुमारे ५०४ चौरस फुटांनी कमी भरतात. बियाण्याच्या हिशेबात हा फरक सोडून द्यावा. पण तीच जमीन उद्या अकृषिक झाली, तर तेवढ्यावर एक लहानसं घर उभं राहतं.

अंदाज कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हेही शिकवायचं असतं आणि पुस्तकं ते सांगत नाहीत. एक हेक्टर म्हणजे २.४७१ एकर, पण शेतीच्या रोजच्या कामाला अडीच पुरतं. आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी पाठ केलेली असायची. ती अडीचकी इथे कामाला येते. चार हेक्टरांचे एकर किती? चार अडीचं दहा. सोयाबीनचं बियाणं हेक्टरी ६५ किलो सांगितलं असेल तर एकरी किती? ६५ भागिले अडीच, २६ किलो. खरेदीखतासाठी मात्र अडीच वापरणाऱ्याला मोजणीखात्याची पायरी चढावी लागेल. १० हेक्टरांवर अडीचने २५ एकर येतात आणि खरे २४.७१. फरक साडेअकरा गुंठ्यांच्या आसपासचा. मुलांना दोन्ही उत्तरं काढायला लावा आणि विचारा, कोणतं कुठे वापराल? गुण याच उत्तराला द्या.

मराठवाड्यातल्या घरांना रूपांतर ही परकी गोष्ट कधीच नव्हती, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं नाणं होतं, ‘हाली सिक्का’. इंग्रजी मुलखातला रुपया तो ‘कलदार’. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब. सोलापूरच्या बाजारात माल नेणाऱ्या लातूरच्या माणसाला सीमा ओलांडली की हा हिशेब करावाच लागे, आणि रुपयाचे १६ आणे, आण्याचे १२ पै हे त्याच्या जोडीला होतंच. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. त्याच वर्षी वजनमापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि ऑक्टोबर १९५८ पासून शेर-मण जाऊन किलोग्रॅम येऊ लागला. दहा वर्षांत एका पिढीने नाणं बदललं, आणे बदलले, तागडीतली वजनं बदलली. त्यांच्यापैकी बहुतेकांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, तरी त्यांचे व्यवहार अडले नाहीत. रूपांतर ‘अवघड’ असं म्हणणाऱ्या वर्गाला हे एकदा ऐकवावं.

याच हाली-कलदारावर रूपांतराची सर्वांत भरवशाची रीत शिकवता येते. आपल्याकडे त्रैराशिक जुनं आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’ची सुरुवातच नाणी, लांबी, वजनं यांच्या कोष्टकांनी होते, त्रैराशिक पुढे येतं. पण त्रैराशिकात मुलं कोणता आकडा वर आणि कोणता खाली यात गोंधळतात. त्याऐवजी ‘एकाने गुणणं’ शिकवावं. ७ हाली आणि ६ कलदार ही एकच रक्कम असेल, तर ६ कलदार / ७ हाली हा अपूर्णांक म्हणजे एक. एकाने गुणल्यावर किंमत बदलत नाही, फक्त माप बदलतं. म्हणून :

३५० हाली × (६ कलदार / ७ हाली) = ३०० कलदार

वरचा ‘हाली’ आणि खालचा ‘हाली’ आडवी रेघ मारून काटायचा. उरतं ते ‘कलदार’. कुणी अपूर्णांक उलटा घेतला तर काहीच कटत नाही आणि उत्तरात ‘हाली वर्ग भागिले कलदार’ अशी निरर्थक गोष्ट उरते. मुलाला त्याची चूक एककच दाखवतं, शिक्षकाला सांगावं लागत नाही. अट एकच, एकक प्रत्येक ओळीत लिहायचं. ‘शेवटी लिहितो सर’ हे अजिबात चालू देऊ नये.

वेगाचं गणित या रीतीने उलगडून दाखवता येतं. नववी-दहावीत मुलं ‘५ छेद १८’ पाठ करतात आणि तीन महिन्यांनी ‘५ छेद १८ की १८ छेद ५’ असं विचारतात. एस.टी. ताशी ७२ किलोमीटरने चालली आहे. ७२ किमी / १ तास याला १,००० मी / १ किमी ने आणि १ तास / ३,६०० सेकंद ने गुणलं, किमी कटला, तास कटला, उरले २० मीटर दर सेकंदाला. ५/१८ कुठून आला हे एकदा असं दिसलं की विसरलं तरी पुन्हा बनवता येतं.

चौरस, घन आणि ब्रास

सगळ्यात जास्त चुका क्षेत्रफळात होतात. १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, म्हणून १ चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर, असं मुलांना अगदी मनापासून वाटतं. यावर तोंडी समजावणं वाया जातं. व्हरांड्यात खडूने एक मीटर बाजूचा चौरस आखा. वहीच्या पानातून १० सेंटिमीटर बाजूचे चौरस कापून त्यात मांडायला सांगा. एका ओळीत दहा, अशा दहा ओळी, झाले शंभर. आणि या प्रत्येक तुकड्यात एक सेंटिमीटर बाजूचे आणखी शंभर चौकोन आखलेले दाखवा. १०० गुणिले १००, दहा हजार. ही मांडणी एकदा केलेलं मूल ‘चौरस म्हणजे दोनदा गुणायचं’ हे विसरत नाही. घनासाठी हेच तीनदा. घरात फरशी बसवलेली असेल तर आणखी सोपं : दोन फूट बाय दोन फुटांच्या शहाबादी फरशा मोजल्या की खोलीचं क्षेत्रफळ मिळतं आणि १०.७६४ ने भागून चौरस मीटरही.

बांधकामावरच्या माणसांचा ‘ब्रास’ वर्गात आणाच. नांदेडला गोदावरीच्या काठी वाळूचे भाव ब्रासमध्येच बोलले जातात. वाळू, मुरूम, खडी यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. पण रंगकाम, फरशी, प्लास्टर यांचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एक, मोजतो दोन वेगळ्या गोष्टी. ‘तीन ब्रास म्हणजे किती?’ एवढाच प्रश्न द्या आणि मुलं ‘कशाचे?’ असं विचारतात का ते पाहा. कापसातही अशीच मौज आहे : शेतकऱ्याचा कापूस क्विंटलवर, रुईचा भाव खंडीवर म्हणजे सुमारे ३५६ किलोवर, आणि गाठ १७० किलोची. दहावीच्या वर्गाला बाजारभावाची एक बातमी देऊन सगळे आकडे किलोवर आणायला सांगितलं तर तास पुरत नाही.

कट्टा हे माप आहे का, असाही एक तास घेता येईल. लातूरच्या बाजारात सोयाबीन कट्ट्यात येतं, पण कट्टा कुणाचा ५० किलोचा, कुणाचा ६० चा. २०२५-२६ च्या खरिपाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे किलोला ५३ रुपये २८ पैसे, आणि ६० किलोच्या कट्ट्याला ३,१९६ रुपये ८० पैसे. हे मुलांनी स्वतः काढावं, आणि ५० किलोच्या कट्ट्याचंही. मग ‘कट्ट्याला काय भाव?’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी काय विचारायचं, ते त्यांना कळेल.

पाणी

या भागात पाण्यावरून जेवढं गणित शिकवता येतं तेवढं दुसऱ्या कशावरूनच नाही. पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात आणि मुलांना वाटतं, ते काहीतरी वेगळंच माप आहे. ते साधं उंचीचं माप आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी साचलं तर ते बरोबर एक लिटर भरतं. ताटात पाणी ओतून हे करून दाखवा. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. ६५ मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला तर २ लाख ६३ हजार लिटर पाणी येतं, १०,००० लिटरचे २६ टँकर. हा आकडा ऐकल्यावर मुलं आपापल्या शेताचा हिशेब न सांगता करू लागतात.

आता २०१६ चा एप्रिल. लातूर शहराला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर, एकूण ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी आली, २५ लाख लिटरची. देशभर गाजलेली ती पहिली गाडी म्हणजे एका हेक्टरवर पडलेला ५० मिलिमीटर पाऊस. आणि मांजरा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर, पेपरातल्या भाषेत ‘१७७ दलघमी’. मोठ्या गाडीतलं पाणी २,५०० घनमीटर. धरण भरायला अशा किती गाड्या लागतील? सुमारे ७० हजार ८००. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर आणि एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर, एवढ्या दोन गोष्टी माहीत असलेला आठवीचा मुलगा हे पाच ओळींत सोडवतो. पाण्याचं मोल त्याला कळतं का, ते मी सांगू शकत नाही, पण शून्यं मोजायला तो नक्की शिकतो.

नांदेडच्या शिक्षकांकडे गोदावरीवरचा विष्णुपुरी बंधारा आहे. पावसाळ्यात ‘विष्णुपुरीचे इतके दरवाजे उघडले, इतके हजार क्युसेक विसर्ग’ ही बातमी रोज येते. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, २८.३१७ लिटर. तासाला किती? २८.३१७ गुणिले ३,६००, म्हणजे सुमारे १ लाख २ हजार लिटर. ‘एक क्युसेक, एक तास, एक लाख लिटर’ हा अंदाज मुलांना सांगून ठेवण्याजोगा आहे. समजा, गोदावरीतून एक लाख क्युसेक पाणी येतंय. तासाला ३६ कोटी घनफूट, म्हणजे ०.३६ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, २८.३१७ दलघमी), म्हणजे सुमारे १०.२ दलघमी. विष्णुपुरीची क्षमता सुमारे ८१ दलघमी. बंधारा अगदी रिकामा असला तरी आठ तासांत भरेल. दरवाजे का उघडतात याचं उत्तर मुलांना आपोआप मिळतं. जायकवाडीवर हेच उलट्या दिशेने करता येतं : एकूण क्षमता २,९०९ दलघमी, त्याला २८.३१७ ने भागलं की पेपरात येणारा १०२.७३ टीएमसी हा आकडा जुळतो. असं जुळून आलं की वर्गाला फार बरं वाटतं, म्हणून पहिल्या दिवशी जुळणारंच उदाहरण द्यावं.

लिटरचे किलो होतात का?

इथे बहुतेक मुलं ‘हो’ म्हणतात, कारण पाण्याचा एक लिटर एक किलोचा असतो आणि ते त्यांनी ऐकलेलं असतं. गावात अजून कुणाच्या घरी पायली आणि शेर असतील तर ते मागवा. पायली हे आकाराचं माप, त्यात चार शेर. पायलीभर ज्वारी, पायलीभर तूर डाळ आणि पायलीभर शेंगदाणे वेगवेगळे तोला. तीन वेगळी वजनं येतील. म्हणजे आकारावरून वजनावर जायचं तर ‘कशाचं’ हे कळावंच लागतं, आणि या दोघांमधला पूल म्हणजे घनता. विज्ञानाच्या पुस्तकात घनतेचं सूत्र येण्याआधी हा तास झाला, तर ते सूत्र ओळखीचं वाटतं.

हे कच्चं राहिलं तर काय होतं, याची एक खरी गोष्ट आठवीपासून पुढे जरूर सांगावी. २३ जुलै १९८३ ला कॅनडात एअर कॅनडाचं एक बोइंग ७६७ विमान ४१ हजार फुटांवर इंधन संपून बंद पडलं. कॅनडा तेव्हा पाउंडावरून किलोवर येत होता. विमानाला २२,३०० किलो इंधन हवं होतं आणि टाकीत ७,६८२ लिटर शिल्लक होतं. लिटरचं वजन काढायला किलोसाठी ०.८०३ हा आकडा घ्यायचा, तिथे पाउंडाचा १.७७ घेतला गेला. त्यामुळे २०,०८८ लिटर भरायचं तिथे ४,९१७ लिटर भरलं. वैमानिकांनी इंजिनाशिवाय विमान तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि सगळे वाचले. हे आकडे जसेच्या तसे फळ्यावर लिहा आणि चूक मुलांना शोधू द्या. १.७७ च्या पुढे ‘पाउंड प्रति लिटर’ एवढं लिहिलेलं असतं तर ती पाचवीच्या मुलालाही दिसली असती.

शेतातली फवारणी हा याचाच घरगुती भाऊ आहे. डब्यावर मात्रा हेक्टरी लिहिलेली, शेत एकरात, पंप १६ लिटरचा आणि मोजायला डब्याचं झाकण. समजा, हेक्टरी ५०० मिली औषध ५०० लिटर पाण्यात सांगितलं आहे. एकरी २०० मिली आणि २०० लिटर पाणी, म्हणजे लिटरला एक मिली, पंपाला १६ मिली. झाकणात किती मिली मावतं, हे मात्र मापाने पाहावं लागतं. वर्गात हे पाण्यावर करा, औषधाचा रिकामा डबासुद्धा शाळेत आणू देऊ नका.

वेळेबद्दल थोडक्यात. १.३० तास आणि १ तास ३० मिनिटं एक नाहीत, कारण तास साठाचा आहे, शंभराचा नाही. कॅल्क्युलेटर वापरणारी मुलं इथे हमखास फसतात. मराठीत पाव, पाऊण, सव्वा, दीड असल्याने तोंडी हिशेब सोपा जातो : सव्वा तास म्हणजे १.२५ तास म्हणजे ७५ मिनिटं. तापमान तर सगळ्या नियमांच्या बाहेरचं, कारण त्याची दोन मापं एकाच शून्यापासून सुरू होत नाहीत. ४२ अंश सेल्सिअसचे १०७.६ अंश फॅरनहाइट करताना गुणून झाल्यावर ३२ मिळवावे लागतात, म्हणून ‘एकाने गुणणं’ तिथे लागू नाही. हे मुलांना स्पष्ट सांगावं, नाहीतर हुशार मूल आपणहून तिथे रीत लावून पाहतं आणि रीतीवरचाच विश्वास गमावतं.

आता लातूर आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांकडे. नीट आणि सीईटीसाठी राज्यभरातून मुलं इथे येतात आणि भौतिकशास्त्राचा पहिलाच धडा एककं व मापन हा असतो. घाईत तो दोन दिवसांत उरकला जातो आणि पुढे वर्षभर त्याची वसुली होते. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकलेल्याला १ वजा. सेंटिमीटरचे मीटर करायला विसरल्यावर जे उत्तर येतं ते पर्यायांत बहुधा ठेवलेलंच असतं, म्हणून मुलाला शंकाही येत नाही आणि पाच गुणांचा फटका बसतो. अकरावीच्या पहिल्या महिन्यात रोजची दहा मिनिटं फक्त यावर द्यावीत : एक ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर म्हणजे १,००० किलोग्रॅम प्रति घनमीटर का, हे सूत्र न सांगता सोडवून घ्यावं. दुसरी अडचण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची. दहावीपर्यंत ‘घनमीटर’ आणि ‘घनता’, अकरावीत अचानक ‘क्युबिक मीटर’ आणि ‘डेन्सिटी’. वर्गात भिंतीवर दोन्ही शब्द समोरासमोर लिहिलेला तक्ता लावायला एक दुपार लागते, आणि त्याने मुलगा जेवढा सावरतो तेवढा जादा तासाने सावरत नाही.

घरच्यांनाही यात हातभार लावता येतो, त्यासाठी गणित यायला हवं असं नाही. लाईट बिल मुलाच्या हातात द्या. एक युनिट म्हणजे १,००० वॅट एक तासभर. विहिरीवरची पाच एचपीची मोटार, एक एचपी ७४६ वॅट, म्हणजे ३.७३ किलोवॅट. चार तास चालली तर १५ युनिटच्या जरा आत. सोनाराकडे गेलात तर मुलाला सोबत न्या : जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा व्यवहार १० ग्रॅमचा, मग आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्यांचे आज किती तोळे भरतील? साधारण ५.८. आजीलाही हे ऐकायला आवडेल.

शेवटी परीक्षेबद्दल, कारण मुलं गुण जिथे मिळतात तेच शिकतात. तीन गुणांच्या रूपांतराच्या गणितात एक गुण आकडा वाढणार की घटणार याच्या अंदाजाला द्या, एक गुण प्रत्येक ओळीत एकक लिहून केलेल्या मांडणीला आणि फक्त एक गुण बरोबर आकड्याला. एककाशिवाय लिहिलेल्या बरोबर आकड्याला तो एकही देऊ नका. पहिल्या चाचणीनंतर काही पालक उत्तरपत्रिका घेऊन येतील, ‘उत्तर बरोबर आहे, मग गुण का कापले?’ त्यांना उत्तरपत्रिकेतला आकडा दाखवून एवढंच विचारा, हे पाच नेमके किलो आहेत, क्विंटल आहेत, की कट्टे?